तुमच्या फोनमधल्या भूकंप अलर्टचा पणजोबा: जॉन मिल्नची गोष्ट

आजची गोष्ट माझ्या मामीच्या एका फोनपासून सुरू होते.

माझं आजोळ रत्नागिरी जिल्ह्यात, अगदी समुद्राला लागून. एकदा रात्री साडेअकराला मामीचा फोन आला. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी व्हॉइस नोट टाकली होती की आज पहाटे तीन वाजता कोकण किनाऱ्यावर त्सुनामी येणार आहे. मामीने कागदपत्रं, औषधं आणि दोन साड्या पिशवीत भरल्या होत्या. मामा म्हणत होता काही होत नाही, शेजारचे म्हणत होते निघूया. मी पुण्यात बसून काय सांगणार? फोन चालू ठेवूनच मी राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं भूकंप नावाचं अॅप उघडलं, मग हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचं त्सुनामी पान बघितलं. अरबी समुद्रात त्या दिवशी मोठ्या भूकंपाची एकही नोंद नव्हती. मी मामीला सांगितलं की पिशवी खाली ठेव आणि झोप. मामी झोपली. पहाटे तीनला काहीही झालं नाही.

पण मला झोप लागेना. मी इतक्या ठामपणे कसं काय सांगितलं? शेकडो किलोमीटरवर समुद्राच्या तळाशी काही घडलंय की नाही, हे माझ्या खोलीत बसून मला कसं कळलं? हे शोधता शोधता मी सव्वाशे वर्षं मागे गेलो आणि एका मिशीवाल्या इंग्रज प्राध्यापकापाशी पोहोचलो. त्याचं नाव जॉन मिल्न. माझ्यासारखाच प्रसंग त्याच्यावरही आला होता, तोही इंटरनेट नसताना. ती गोष्ट पुढे येईलच. आधी हा माणूस कोण ते बघू.

खाणी शिकवायला गेला आणि भूकंपात अडकला

जॉन मिल्नचा जन्म ३० डिसेंबर १८५० रोजी इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला झाला. शिक्षण लंडनमध्ये, विषय खाणकाम आणि भूगर्भशास्त्र. भटकायची प्रचंड हौस. पंचविशीच्या आत त्याने न्यूफाउंडलंडमध्ये खनिजं शोधली होती आणि सिनाईच्या वाळवंटातल्या एका मोहिमेतही तो जाऊन आला होता.

त्या काळात जपान झपाट्याने आधुनिक होत होता. रेल्वे, तारयंत्र, कारखाने हे सगळं शिकवायला जपान सरकार परदेशी प्राध्यापक बोलावत होतं. टोकियोच्या इंजिनिअरिंग कॉलेजात खाणकाम आणि भूगर्भशास्त्र शिकवायची नोकरी मिल्नला मिळाली. बाकीचे लोक बोटीने जायचे. या पठ्ठ्याला बोट लागायची, म्हणून तो जमिनीवरून निघाला! रशिया, सायबेरिया, मंगोलिया, चीन असा प्रवास करत, शेवटचा थोडा टप्पा तेवढा बोटीने, काही महिन्यांनी तो १८७६ च्या मार्चमध्ये टोकियोला पोहोचला.

जपानमध्ये जमीन हलणं ही रोजच्या जेवणासारखी गोष्ट. परदेशी प्राध्यापकांना सुरुवातीला त्याची मजा वाटायची, मग भीती, मग कुतूहल. २२ फेब्रुवारी १८८० रोजी योकोहामाला जोरदार धक्का बसला, घरांची धुराडी कोसळली. त्यानंतर मिल्नने पुढाकार घेतला आणि काही आठवड्यांतच जपानची भूकंपविज्ञान संस्था उभी राहिली. फक्त भूकंपांचा अभ्यास करणारी ही जगातली पहिली संस्था. अध्यक्ष जपानी विद्वान हात्तोरी इचिझो. मिल्नने स्वतः उपाध्यक्षपद घेतलं आणि कामाला लागला.

हलणाऱ्या जगात स्थिर काय ठेवायचं?

आता थोडं तंत्रज्ञान. भूकंप मोजायचा म्हणजे अडचण काय आहे बघा. जमीन हलते, टेबल हलतं, यंत्र हलतं, आणि बघणारा माणूसही हलतो. मग मोजायचं कशाच्या तुलनेत?

एसटी अचानक सुटली की उभा माणूस मागे का झुकतो? कारण त्याचं शरीर आहे तिथेच राहू बघतं आणि गाडी खालून पुढे सरकते. हे जडत्व. भूकंपमापकाची युक्ती हीच. एक वजन असं टांगायचं की जमीन हलली तरी ते क्षणभर जागेवरच राहील. मग जमीन आणि वजन यांच्यातला फरक कागदावर उतरवायचा.

मिल्न, त्याचे सहकारी जेम्स युइंग आणि थॉमस ग्रे यांनी मिळून टोकियोत अशी यंत्रं बनवली. साधा लंबक उभा लोंबकळतो. यांनी लंबक जवळजवळ आडवा केला, फाटकाच्या दारासारखा. किंचित तिरकं बसवलेलं दार कसं हळूहळू आपोआप झुलतं? तसा हा दांडा अगदी सावकाश झुलायचा. एका झोक्याला पंधरा सेकंद वगैरे. त्यामुळे जमिनीच्या अतिशय मंद हालचालीही त्याला कळायच्या. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे याच मंदपणामुळे एक मोठं कोडं सुटणार आहे.

मिल्न यंत्रांवरच थांबला नाही. भूकंपाची वाट कशाला बघायची, आपणच करू, असं म्हणून त्याने जड लोखंडी गोळा उंचावरून टाकला, सुरुंग उडवले आणि वेगवेगळ्या अंतरावर यंत्रं ठेवून कंपनं किती वेळात पोहोचतात ते मोजलं. गावोगावच्या कचेऱ्यांमध्ये त्याने पोस्टकार्डांचे गठ्ठे पाठवले. दर आठवड्याला किती धक्के जाणवले ते लिहून पोस्टात टाकायचं, एवढंच काम. आज आपण ज्याला क्राउडसोर्सिंग म्हणतो, ते हा माणूस १८८० च्या दशकात पोस्टकार्डावर करत होता. अशा नोंदींतून त्याने १८८५ ते १८९२ या काळातल्या जपानच्या ८,३३१ भूकंपांची यादी तयार केली!

मधल्या काळात, १८८१ मध्ये, त्याने तोने होरिकावा या जपानी मुलीशी लग्न केलं. ती हाकोदातेच्या एका बौद्ध मठाधिपतीची मुलगी. पुढच्या सगळ्या प्रवासात ती त्याच्याबरोबर होती.

भूकंप वेगळा, त्याच्या लाटा वेगळ्या

इथे एक घोळ मिटवून टाकू. आपण बोलताना भूकंप, भूकंपलहरी आणि त्सुनामी हे तिन्ही शब्द एकमेकांत मिसळतो. प्रत्यक्षात ते तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

भूकंप म्हणजे मूळ घटना. जमिनीखाली खडकांवर वर्षानुवर्षं ताण साठत जातो आणि एक दिवस खडक एखाद्या भेगेवर अचानक सरकतो. तो सरकण्याचा क्षण म्हणजे भूकंप.

भूकंपलहरी म्हणजे त्या घटनेची बातमी घेऊन खडकांतून पळणारे निरोपे. ते दोन-तीन प्रकारचे असतात:

- पी लहर: सगळ्यात आधी पोहोचते. स्टेशनात उभ्या गाडीला इंजिन जोडताना धक्का डब्याडब्यातून मागे जातो ना, तशी ही पुढे-मागे ढकलत जाते. कवचात वेग सेकंदाला साधारण ६ किलोमीटर, खोल गेल्यावर त्याहून जास्त. नुकसान सहसा कमी करते.
- एस लहर: दुसरी. दोरी झटकल्यावर वळसा पुढे सरकतो तशी ही आडवी हलवते. वेग सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर. हिचा दणका मोठा. ही द्रवातून जाऊ शकत नाही.
- पृष्ठलहरी: जमिनीच्या वरच्या थरातून सगळ्यात मागून येतात, पण हेलकावे मोठे आणि लांब.

वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर येतो. मधल्या वेळावरून वीज किती लांब पडली ते आपण सांगतो. तसंच इथे. जवळच्या भूकंपात पी आणि एस यांच्यात जितके सेकंद अंतर, त्याला आठने गुणलं की भूकंप साधारण किती किलोमीटरवर झाला ते कळतं. दहा सेकंद म्हणजे ऐंशी किलोमीटर. तीन ठिकाणांहून असं अंतर काढून नकाशावर तीन वर्तुळं आखली की ती जिथे एकमेकांना छेदतात, तिथे भूकंप.

मिल्नच्या वेळी या लहरींची नीट नावंही ठरली नव्हती. पण आधी बारीक थरथर येते, मग मोठे हेलकावे येतात, आणि मधला वेळ अंतराबरोबर वाढत जातो, हे त्याने ओळखलं होतं.

दोन धक्के: एक निसर्गाचा, एक नशिबाचा

२८ ऑक्टोबर १८९१. मध्य जपानमधल्या मिनो-ओवारी भागात भीषण भूकंप झाला. सात हजारांवर माणसं गेली. पाश्चात्त्य पद्धतीने बांधलेल्या नव्या विटांच्या इमारती कोसळल्या, लोखंडी रेल्वे पूल वाकले. ज्या आधुनिक बांधकामाचा सगळ्यांना अभिमान होता तेच पत्त्यासारखं पडलं. मिल्नने आपला सहकारी विल्यम बर्टन याच्याबरोबर त्या विध्वंसाच्या फोटोंचं पुस्तक काढलं. माणूस भूकंपाने कमी आणि वाईट बांधकामाने जास्त मरतो, ही गोष्ट त्या फोटोंतून स्पष्ट दिसत होती. आपल्याकडे किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेच झालं. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या.

दुसरा धक्का मिल्नच्या स्वतःच्या घरी बसला. फेब्रुवारी १८९५ मध्ये त्याच्या टोकियोतल्या घराला आणि वेधशाळेला आग लागली. यंत्रं, पुस्तकं, नोंदी असं जवळपास वीस वर्षांचं सगळं जळून गेलं. तेव्हा ना क्लाउड होता ना बॅकअप. एकदा हार्ड डिस्क गेली म्हणून मी तीन दिवस जेवलो नव्हतो. या माणसाचं काय झालं असेल, याची मी फक्त कल्पनाच करू शकतो.

त्याच वर्षी मिल्न आणि तोने इंग्लंडला परतले. निघताना जपानच्या सम्राटाने त्याचा सन्मान केला, पेन्शनही दिली. वय चव्वेचाळीस. आता निवांत बसायला हरकत नव्हती. पण इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट बेटावर शाइड नावाच्या छोट्या वस्तीत त्याने घर घेतलं आणि आवारात पुन्हा यंत्र बसवलं. मदतीला शिनोबू हिरोता हा जपानी सहायक होताच.

तुम्ही म्हणाल, इंग्लंडमध्ये कुठे भूकंप होतात? तीच तर गंमत! १८८९ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या एर्न्स्ट फॉन रेबोर-पाश्विट्झ या संशोधकाच्या संवेदनशील लंबकावर एक विचित्र थरथर उमटली होती. नंतर कळलं की त्याच वेळी जपानमध्ये भूकंप झाला होता. म्हणजे भूकंपाचा निरोप पृथ्वीच्या आतून अर्ध्या जगापार जातो! मग भूकंप बघायला भूकंपाच्या देशात राहायची गरज काय? एका शांत बेटावर बसून सगळ्या जगाची नाडी बघता येईल. मिल्नचं उरलेलं आयुष्य या एका कल्पनेमागे गेलं.

१८९६: बातमी चुकली, यंत्र नाही

१५ जून १८९६. जपानचा सान्रिकू किनारा. सणाचा दिवस होता, युद्धावरून परतलेल्या सैनिकांचं कौतुकही चालू होतं. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास जमीन हलकीच हलली. बराच वेळ, पण अगदी सौम्य. जपानी माणसाला अशा धक्क्याचं काय? कुणी जेवणावरून उठलंसुद्धा नाही.

पस्तीस-एक मिनिटांनी समुद्र चालून आला. काही ठिकाणी पाणी ३८ मीटर उंचीपर्यंत चढलं, म्हणजे बारा मजली इमारतीएवढं. सुमारे २२,००० माणसं गेली. खोल समुद्रात मासेमारीला गेलेल्यांना लाट कळलीही नाही. ती त्यांच्या होड्यांखालून निघून गेली. सकाळी ते परतले तेव्हा बंदरात गावच नव्हतं. जपानी भाषेत त्सु म्हणजे बंदर आणि नामी म्हणजे लाट. समुद्रात दिसत नाही, बंदरात येऊन मारते, ती त्सुनामी.

इकडे वाइट बेटावरच्या वर्तमानपत्रांत तारेने बातमी आली. तारीख छापली १७ जून. मिल्नने आपला कागद काढून बघितला. १७ ला मोठं काही नव्हतं. मोठी नोंद होती ती १५ ला. बातमीतली तारीख दोन दिवसांनी चुकली आहे, हे तो घरबसल्या सांगू शकला. काही आठवड्यांनी जपानहून टपाल आलं आणि त्याचंच म्हणणं खरं ठरलं.

आणि आता तो प्रसंग, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहितोय. त्यानंतर काही काळाने पेपरात आलं की कोबे शहरात भयंकर भूकंप झाला. तिथे ज्यांचे नातेवाईक होते, ज्यांचा पैसा अडकला होता, त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मिल्नचा कागद मात्र कोरा होता. एवढा मोठा भूकंप झाला असता तर त्याच्या लहरी पृथ्वीतून बारा-तेरा मिनिटांत इंग्लंडला पोहोचल्या असत्या. आल्या नाहीत, म्हणजे तसं काही झालेलं नाही. आणि खरंच झालेलं नव्हतं.

अॅपमधली रिकामी यादी बघून मी मामीला झोप म्हणालो, ते याच तर्कावर. कोरा कागदसुद्धा माहिती देतो. फक्त यंत्र चालू असलं पाहिजे आणि त्यावर विश्वास ठेवण्यासारखं असलं पाहिजे.

मग सान्रिकूचा धक्का हलका का लागला?

त्सुनामी ही भूकंपलहर नाही. ती पाण्याची लाट आहे. प्लॅस्टिकच्या टबात पाणी भरा आणि तळाला खालून हाताने वर ढकला. वरचं पाणी फुगेल आणि कडेला पसरेल. समुद्राचा तळ असा वर-खाली सरकला की वरचं सगळं पाणी, अगदी तळापासून वरपर्यंत, हलतं. वाऱ्याची लाट फक्त वरचा थर हलवते. हा मोठा फरक आहे.

त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. चार किलोमीटर खोल समुद्रात ती ताशी सुमारे ७०० किलोमीटरने जाते, विमानाच्या वेगाने. दहा मीटर खोलीवर आली की वेग ताशी ३५-३६ किलोमीटरवर येतो. पुढचं पाणी मंदावतं, मागचं येऊन चढतं आणि लाट उंच होते. ताशी ७०० हा वेग मोठा वाटतो, पण पी लहर ताशी वीस हजार किलोमीटरच्या वर पळते. म्हणजे निरोप्या लाटेच्या कितीतरी आधी पोहोचतो. त्सुनामीचा इशारा देता येतो तो या फरकामुळेच.

आता सान्रिकूचं कोडं. तिथे समुद्रतळ खूप सरकला, पण हळू सरकला. झटका नव्हता, ढकलणं होतं. आपल्या शरीराला आणि घरांना जलद थरथर जाणवते, मंद हेलकावा जाणवत नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या माणसांना धक्का किरकोळ वाटला. पण मिल्नचा सावकाश झुलणारा आडवा दांडा आठवतोय? मंद लहरी हेच तर त्याचं खाद्य. माणसाला जे जाणवलं नाही ते साडेनऊ हजार किलोमीटरवरच्या लंबकाला जाणवलं. अशा भूकंपांना त्सुनामी भूकंप हे नाव १९७२ मध्ये हिरो कानामोरी या शास्त्रज्ञाने दिलं.

याची उलट बाजूही आहे. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ हिंद महासागरात ८.६ तीव्रतेचा म्हणजे अवाढव्य भूकंप झाला. चेन्नई, कोलकात्यात लोक रस्त्यावर आले. पण त्सुनामी अगदी किरकोळ, कारण तिथे तळ आडवा सरकला, वर-खाली नाही. म्हणून धक्का किती जोराचा लागला यावरून त्सुनामीचा अंदाज बांधू नका, दोन्ही बाजूंनी फसाल. आणि त्सुनामीला भूकंपच लागतो असंही नाही. १८८३ ची क्राकातोआची त्सुनामी ज्वालामुखीतून आली होती.

शाइड ते कुलाबा

एक यंत्र पुरेसं नाही, हे मिल्नला माहीत होतं. ब्रिटिश असोसिएशनच्या मदतीने त्याने एकाच नमुन्याची यंत्रं जगभर पाठवायला सुरुवात केली. सगळीकडे एकच डिझाइन, म्हणजे नोंदींची तुलना करता येईल. पुढे अशी चाळीसच्या आसपास केंद्रं झाली. कॅप्टन स्कॉटच्या डिस्कव्हरी जहाजातून एक यंत्र अंटार्क्टिकालाही गेलं.

आणि हो, मुंबईलाही! १८९७ च्या १२ जूनला आसाम-शिलाँग भागात महाभूकंप झाला होता. त्यानंतरच्या दोनेक वर्षांत कोलकात्याचं अलीपूर, मुंबईचं कुलाबा आणि दक्षिणेतलं कोडाईकनाल इथे मिल्नची यंत्रं बसली. कुलाब्याच्या वेधशाळेतला फोटोचा कागद संथपणे सरकायचा, त्यावर प्रकाशाचा ठिपका रेघ काढायचा, आणि नोंदी शाइडला पाठवल्या जायच्या. टपालाने. म्हणजे सर्व्हर वाइट बेटावर आणि डेटा बोटीतून.

या साठलेल्या नोंदींचं मोठं सोनं केलं रिचर्ड ओल्डहॅमने. हा भारताच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातला माणूस, आसामच्या भूकंपाचा मोठा अहवाल यानेच लिहिला. त्याने तीन प्रकारच्या लहरी वेगळ्या ओळखून दाखवल्या, आणि १९०६ मध्ये दूरच्या नोंदी तपासून पृथ्वीच्या पोटात वेगळा गाभा आहे हे दाखवलं. ज्या पृथ्वीत आपण जेमतेम काही किलोमीटर भोक पाडू शकलो, तिच्या पोटाचा एक्स-रे या लहरींनी काढला.

मिल्नचं सगळंच बरोबर होतं असं नाही. त्याच्या लंबकाला आवर घालणारी सोय नव्हती. एकदा झुलायला लागला की भूकंप संपला तरी झुलत राहायचा आणि पुढची नोंद गढूळ व्हायची. जर्मनी आणि रशियात अशी सोय असलेली जास्त चांगली यंत्रं आली. त्यांच्यापुढे मिल्नचं यंत्र जुनं वाटू लागलं. पण जगभर एकसारखी यंत्रं बसवायची आणि सगळ्यांचा डेटा एका जागी गोळा करायचा, ही कल्पना त्याचीच टिकली.

३१ जुलै १९१३ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी, मूत्रपिंडाच्या आजाराने जॉन मिल्न शाइडला गेला. काही वर्षांनी तोने जपानला परत गेली. त्याचं नोंदी गोळा करायचं काम ऑक्सफर्डच्या हर्बर्ट टर्नरने पुढे नेलं आणि त्यातूनच पुढे आजचं आंतरराष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र उभं राहिलं.

तुमच्या खिशातला लंबक

आता फोन हातात घ्या आणि आडवा करा. स्क्रीन फिरली? ती फिरवतो तो अॅक्सेलरोमीटर. केसापेक्षा बारीक सिलिकॉनच्या स्प्रिंगांवर टांगलेलं एक सूक्ष्म वजन. फोन हलला की वजन मागे राहतं आणि तो फरक चिप मोजते. ओळखीचं वाटतंय ना? मिल्नचाच लंबक, फक्त तांदळाच्या दाण्याएवढा.

अँड्रॉइडची भूकंप अलर्ट सेवा २०२३ पासून भारतात आहे. चार्जिंगला लावून टेबलावर पडलेल्या फोनला पी लहरीची थरथर कळते, तो सर्व्हरला निरोप देतो. एकाच भागातल्या खूप फोननी तोच निरोप दिला की सर्व्हर ओळखतो आणि एस लहर पोहोचायच्या आत पुढच्या लोकांना अलर्ट जातो. मिळतात काही सेकंदच, पण टेबलाखाली शिरायला तेवढे पुरतात. सेटिंग्जमध्ये सेफ्टी अँड इमर्जन्सीत जाऊन अर्थक्वेक अलर्ट्स चालू आहे का बघा. लोकेशन आणि इंटरनेट चालू लागतं.

त्सुनामीचं गणित वेगळं आहे. २६ डिसेंबर २००४ ला सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच्या लहरी भारतातल्या यंत्रांवर काही मिनिटांत पोहोचल्या. चेन्नईच्या किनाऱ्यावर पाणी आलं ते दोन तासांहून जास्त वेळाने. दोन तास हातात होते, निरोप आला होता, पण तो मरीना बीचवरच्या माणसापर्यंत पोहोचवणारी व्यवस्थाच हिंद महासागरात नव्हती. चौदा देशांत सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं गेली. २००७ मध्ये हैदराबादला इन्कॉइसचं इशारा केंद्र सुरू झालं. मिल्नचा निम्मा धडा आपण शंभर वर्षांपूर्वीच शिकलो होतो, उरलेला निम्मा शिकायला एवढी किंमत मोजली.

कोकणाला धोका नाही असंही समजू नका. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या पाकिस्तानजवळ, ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही तासांनी त्याची त्सुनामी मुंबईपर्यंत आली. त्यात मुंबईत बळी गेल्याच्या नोंदी आहेत.

म्हणून गणपतीत गावी गेलो तेव्हा मी मामीला सगळं नीट समजावलं. तुम्हीही घरी सांगा:

१. त्सुनामीचा निरोप आला की पहिला प्रश्न विचारायचा: भूकंप कुठे आणि किती वाजता झाला? याचं उत्तर नसेल तर पुढे पाठवायचं नाही, आधी भूकंप अॅप आणि इन्कॉइस बघायचं. भूकंप कधी होणार याची तारीख आणि वेळ आधी कुणीच सांगू शकत नाही.

२. किनाऱ्यावर असताना जमीन बराच वेळ हलत राहिली, भले हळू का असेना, तर अलर्टची वाट बघायची नाही. सरळ उंचावर जायचं. जोर नाही, वेळ मोजायचा.

३. समुद्र अचानक आत ओढला गेला तर शिंपले वेचायला आणि व्हिडिओ काढायला थांबायचं नाही. पळायचं.

४. पहिली लाट ओसरली म्हणून परतायचं नाही. मागून येणारी जास्त मोठी असू शकते.

मामीने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं की घरामागची आंब्याची टेकडी पुरेल का. मी वर चढून बघितलं. पुरेल. वर जायला आठ मिनिटं लागतात, मामीच्या चालीने बारा. आम्ही दोघांनी चालूनच बघितलं.